अतवाच्या आणि समुद्राच्या मध्ये

…आणि हाज सुवैलिम पिकअपमधून पुरता उतरलाही नव्हता. एक पाय आत, एक पाय वाळूत, आणि तिथूनच ओरडला, "गानिम! कुणाला विचारून माझा चेहरा समुद्रात टाकलास रे? मला पोहता तरी येतं का?"

काल आपण इथवर आलो, सगळे हसत सुटले आणि पुढचं राहून गेलं. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो. बाकीच्यांनी तोवर आपापला पेला भरून घ्यावा.

अतवा आमच्या असला नावाच्या वस्तीतला, मुझैना जमातीचा. वय चोपन्न. दहबच्या किनाऱ्यावर अठ्ठावीस वर्षं पाठीला हवेची टाकी बांधून पाहुण्यांना पाण्याखाली फिरवून आणण्याचा त्याचा धंदा. त्याच्याआधी त्याचा बाप नुसत्या छातीभर श्वासावर खाली जायचा आणि मासा घेऊनच वर यायचा. म्हणजे समुद्र काही त्याला नोकरीत मिळालेला नव्हता, घरातूनच आलेला होता. माणूस पाण्यात किती स्वस्थ असावा? एकदा एका जर्मन म्हातारीला अठरा मीटर खाली हसू आलं, आणि तोंडातल्या नळीबरोबर तिची वरची कवळीही निसटली. अतवानं एका हातानं नळी परत तिच्या तोंडात दिली, दुसऱ्या हातानं कवळी जाता जाता झेलली, खिशात टाकली आणि पुढचा पाऊण तास तिला मासे दाखवले. वर आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, चहाच्या बशीत ठेवून, मान लववून परत दिली. ती बाई पुढं सात वर्षं दर वसंतात येत होती.

असा माणूस. दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात रास अबू गलूमच्या किनाऱ्यावर उंटांवरून टाक्या उतरवताना त्याला वाटलं, उंट खाली बसला तो आपल्याच छातीवर. अतवा म्हणाला, सकाळची बाकल्याची उसळ बाधली. दोन दिवस उसळीला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बायकोनं, हमदानं, त्याला गाडीत घातलं आणि कैरोला नेलं. तिथं छाती उघडली, पायातली शीर काढून हृदयावर तीन ठिकाणी बसवली, आणि छातीचं हाड तारांनी बांधून त्याला परत पाठवला. चौऱ्याण्णव किलोचा गडी गेला होता. परत आला तेव्हा पायघोळ जलाबिया अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबत होता. तूप बंद, मीठ बंद, टाक्या उचलणं बंद. आणि समुद्र? डॉक्टर म्हणाले, वर्षभरानं बघू.

वर्ष कुणी मोजावं? चौथ्या महिन्यात, एका दुपारी, सगळे जेवायला बसलेत असं बघून अतवा पाण्याकडं गेला.

आता इथं त्यानं जी चूक केली ती आमच्या धंद्यातलाच माणूस करू जाणे. रबरी पोशाख पाण्यात तरंगतो, अंगातली चरबीही तरंगते. खाली जायचं तर कमरेला शिसं बांधावं लागतं. म्हणून अतवा प्रत्येक पाहुण्याला पहिला प्रश्न विचारायचा, "वजन किती?" आणि तेवढं मोजून शिसं द्यायचा. स्वतःला तो प्रश्न त्यानं अठ्ठावीस वर्षांत कधी विचारला नव्हता, त्या दिवशीही नाही विचारला. खुंटीवरचा आपला जुना पट्टा काढला, आठ किलोचा, आणि बांधला. अंगातले सोळा किलो कैरोत राहिले होते. पट्टा चार बोटं जास्त आवळावा लागला, तरी डोक्यात उजेड पडला नाही. शिवाय हवा भरायच्या जाकिटाचा पट्टा छातीच्या शिवणीवर टोचायचा, म्हणून जाकीट घेतलंच नाही. जुन्या काळची नुसती फळी आणि दोन पट्टे, त्यावर टाकी.

प्रवाळाच्या कडेवरून त्यानं पाऊल टाकलं आणि दगडासारखा खाली गेला. तळाची वाळू दोन पुरुष खोल, म्हणजे फार नाही. पण वर काही येता येईना. पाय मारून मारून हातभर उचलला जायचा, परत खाली. पट्टा सोडला की झालं, हे तो रोज दहा जणांना शिकवायचा. पण पट्टा सोडणं म्हणजे अतवाच्या लेखी चारचौघांत विजार सुटण्यासारखं. त्यानं ठरवलं, चालत जाऊ. वाळूवरून, चढावर, आठ किलो आणि टाकी घेऊन, चार महिन्यांपूर्वी उघडलेली छाती घेऊन, पाण्याखालून चालत निघाला घराकडं.

गानिम म्हणजे हमदाचा भाऊ, अतवाच्याच हाताखाली शिकलेला. तो तोंडात घास घेऊन सहज समुद्राकडं बघत होता. त्याला बुडबुडे दिसले. अतवाचे बुडबुडे कसे यायचे, तर म्हाताऱ्यानं जपमाळ ओढावी तसे, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. हे तर चुलीवर उकळत ठेवल्यासारखे येत होते. गानिम कपड्यांसकट पळाला. खाली जाऊन त्यानं पहिल्यांदा पट्टा सोडला, मग माणूस वर आणला. वाळूवर आडवा पडलेला अतवा राखेच्या रंगाचा झाला होता. डोळे उघडले आणि पहिला शब्द काय बोलावा?

"माझा पट्टा कुठाय?"

"तुझा पट्टा गेला खड्ड्यात, अबू फ्रेज!" गानिम ओरडला. फ्रेज हा अतवाचा थोरला, अबू म्हणजे बाप. "तू कुठं असतास आत्ता?"

त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, गानिमच्या झावळ्यांच्या मांडवात सात-आठ माणसं चहाला बसलेली असताना गानिम उभा राहिला आणि म्हणाला, "अतवा, तुझ्या आणि समुद्राच्या मध्ये हाज सुवैलिमचा चेहरा."

आमच्यात दोन माणसं हातघाईवर आली की तिसऱ्यानं एखाद्या वजनदार माणसाचं नाव घेऊन मध्ये त्याचा चेहरा, म्हणजे त्याची अब्रू, टाकायचा. तो माणूस तिथं हजर असायला लागत नाही. पण त्या क्षणापासून जो पुढं सरकेल त्यानं त्या माणसाचा चेहरा कापला असं होतं, आणि कापलेल्या चेहऱ्याचा निवाडा जमातीसमोर होतो, नातवंडांपर्यंत बोललं जातं. टाकलेला चेहरा उचलायचा अधिकार फक्त त्याच्या मालकाचा. हाज सुवैलिम वर डोंगरातल्या वाडीचा, जमातीत शब्दाला वजन असलेला, आणि पाणी त्याला फक्त प्यायला आणि हातपाय धुवायला आवडायचं.

म्हणून तर दुसऱ्या दिवशी तो पिकअपमधून उतरता उतरता ओरडला.

अतवानं लगेच आपली बाजू मांडली. "हाज, चेहरा दोन माणसांत टाकतात. समुद्र काय माणूस आहे? त्यानं माझी फिर्याद केली का? आमचं भांडण कुणी पाहिलं?"

हाज चहाचे तीन पेले प्याला. आम्ही बघत बसलो. चौथा नको म्हणून त्यानं पेला हलवला आणि म्हणाला, "समुद्राची फिर्याद नाही, हे खरं. पण माझा चेहरा इथं पडलाय हे आता साऱ्या वस्तीला कळलंय. मी तो वाळू झटकून घरी नेला, तर उद्या दोघं सुरे काढून उभे राहतील तेव्हा माझ्या चेहऱ्याला कोण विचारील? पडू दे."

"किती दिवस?"

"डॉक्टर सांगेल तोवर. मग मी सांगेन तोवर."

"पाय तरी बुडवू का?"

हाज विचारात पडला. समुद्राचा कायदा त्याला कुठं ठाऊक होता? शेवटी म्हणाला, "माझा उंट जिथवर कुरकुर न करता उभा राहतो तिथवर जमीन. गुडघ्यापर्यंत जा."

आणि मग सात महिने अतवा गुडघ्याएवढ्या पाण्यात होता.

माणसाचं बूड जमिनीवर टेकत नाही म्हणजे काय, ते त्या सात महिन्यांत दिसलं. सकाळी उठून धुतलेले पोशाख पुन्हा धुवायचा. टाक्यांच्या चाव्या उघडायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. गानिम पाहुण्यांना घेऊन खाली गेला की हा काठावर उभा, डोळ्यांवर हात धरून, बुडबुडे वाचत. गानिम वर आला की लगेच सुरू, "तुझा तिसरा पाहुणा पंधराव्या मिनिटाला घाबरला होता."

"अबू फ्रेज, तू वर होतास."

"म्हणून तर दिसलं. तू खाली राहून काय बघत होतास?"

"मासे! त्यासाठीच तर येतात ना लोक!"

ओहोटीला बायका प्रवाळाच्या सपाटीवर ऑक्टोपस शोधायला जातात, हातात लोखंडी सळई घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यात. ते बायकांचं काम. अतवा तिथंही जायला लागला. गुडघ्यापर्यंत परवानगी होती, दुसरं पाणी कुठं मिळणार? हमदाच्या मागंमागं जलाबिया वर खोचून चालायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एक म्हातारी तर मोठ्यानं म्हणाली, "हमदा, नवी सून बरी मिळाली गं, जरा दाढी आहे एवढंच!"

हमदा हसली नाही. ती म्हणाली, "चुलत्याच्या पोरा, पाय उचलून टाक. पाणी वाजवतोस, सगळे बिळात पळतात. वीस-वीस मीटर खाली जाऊन आलास आणि घोटाभर पाण्यात चालता येत नाही?" दोघं सख्खी चुलत भावंडं, त्यामुळं तिची हाक लग्नाआधीपासून हीच.

"मला उभ्यानं चालायची सवय नाही," अतवा म्हणाला.

घरी गेला की पडायचा, उठायचा, दारात जायचा, परत यायचा. हमदानं गोळ्या पुढं केल्या की गिळायचा आणि विचारायचा, "वारा उत्तरेचा आहे का?" वारा कुठलाही असला तरी त्याला काय करायचं होतं? मीठ नसलेला भात चिवडत बसायचा. एकदा फ्रेजचा नुवैबाहून फोन आला, "बाबा, तब्येत कशी आहे?" तर हा म्हणतो, "पाणी आज काचेसारखं आहे." पोरानं आईला फोन द्यायला सांगितला.

शेवटी गानिमनं वैतागून त्याला टेबलावर बसवलं. पाहुणा पाण्यात जाण्याआधी तब्येतीचा कागद भरतो, ते बघायचं काम. दम्याचा त्रास आहे का, कान फुटलाय का, हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे का. त्या ओळीवर 'हो' लिहिणाऱ्याला अतवानं आयुष्यभर हात जोडून परत पाठवलं होतं. आता ती ओळ आली की तो पेन्सिल खाली ठेवायचा आणि बाहेर समुद्राकडं बघायचा. पाहुण्यांना वाटायचं, फारच शिस्तीचा माणूस आहे.

एक दिवस एक फ्रेंच गृहस्थ आला. साठीचा, बस चालवून निवृत्त झालेला, हातावर ऊन लागलेलं. त्यानं त्या ओळीवर 'हो' लिहिलं आणि सोबत डॉक्टरचं पत्र ठेवलं. अतवानं पत्र हातात घेतलं ते तासभर सोडलं नाही. वाचून झालं, उजेडाकडं धरलं, गानिमकडून पुन्हा वाचून घेतलं. पत्रात होतं, या माणसाचं हृदय तपासलं आहे, यानं पाण्यात जायला हरकत नाही.

"हे असं लिहून देतात?" अतवानं विचारलं.

"देतात," पाहुणा म्हणाला. "आधी ट्रेडमिलवर चालवतात. दम काढतात."

अतवानं त्याला गानिमबरोबर आत सोडलं आणि स्वतः काठावर गुडघाभर पाण्यात उभा राहिला. सदतीस मिनिटं. बुडबुडे एका लयीत येत होते. तो माणूस वर आला, तोंडातली नळी काढली आणि हसला. अतवा म्हणाला, "सदरा उघड."

"काय?"

"सदरा. छाती दाखव."

त्यानं रबरी पोशाखाची चेन खाली ओढली. अतवानं आपला जलाबिया गळ्यापासून खाली खेचला. आणि मग भर दुपारी, बाकीचे पाहुणे बघत असताना, ते दोघं उघड्या छातीनं एकमेकांसमोर उभे राहून शिवणी मोजायला लागले. त्याची थोडी लांब होती, अतवाची जास्त सरळ होती. त्याच्या पायावरचीही खूण निघाली, मग याच्याही पायावरची. गानिम म्हणाला, "उंटाच्या बाजारात आल्यासारखं वाटतंय मला."

त्या आठवड्यात अतवा कैरोला गेला. नऊ तासांची बस. दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी त्याच्या छातीला तारा चिकटवल्या आणि त्याला ट्रेडमिलवर उभं केलं. पाच मिनिटांनी चढ वाढवला. आणखी थोड्या वेळानं आणखी.

"ही टेकडी कुठं जाते?" अतवानं विचारलं.

"कुठंच नाही."

"मग आपण का चढतोय?"

"तुमचं हृदय चढताना काय म्हणतं ते ऐकायला," डॉक्टर बाई म्हणाल्या. "बोलू नका, चढा."

अतवा चढला. माणूस किनाऱ्याचा, पण लहानपणी बकऱ्यांच्या मागं डोंगर चढलेला. घाम डोळ्यांत गेला, पाय भरून आले, पण थांबा असं त्याच्या तोंडून नाही निघालं. बाईंनीच बंद केलं. मग बसवलं, कागदाची लांब पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "जा. पण पंधरा मीटरच्या खाली नाही. प्रवाहात नाही. टाकी उचलायची नाही, दुसऱ्यानं पाठीला लावून द्यायची. आणि दमायच्या आधी वर यायचं, दमल्यावर नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं."

अतवानं ते पत्र घेतलं. परतीच्या बसमध्ये नऊ तासांत त्यानं ते खिशातून किती वेळा काढून पाहिलं, ते शेजारी बसलेल्या सुएझच्या शिंप्याला विचारा.

दहबला उतरून तो घरी गेलाच नाही. ज्याची गाडी मिळाली तिच्यात बसला आणि तडक वर हाजच्या वाडीत. हाज खजुराच्या सावलीत बसला होता. त्यानं नातीकडून पत्र वाचून घेतलं, घडी घातली, परत दिलं.

"हा कागद तुझ्या हृदयाचा आहे," हाज म्हणाला. "देवाची कृपा. पण चेहरा कागदानं उचलत नाहीत."

"मग कशानं उचलतात?" अतवाचा आवाज चढला. "सात महिने झाले हाज! बायकांत सळई घेऊन फिरलो. पोरं हसतात. आता आणखी काय?"

"बस खाली."

"मला बसवत नाही!"

"ते दिसतंय. गानिमनं हा चेहरा का टाकला, ठाऊक आहे तुला?"

"घाबरट आहे म्हणून."

हाजनं काडीनं वाळूत एक रेघ ओढली, पुसली. "तुझी बायको त्या दिवशी त्याच्या दारात जाऊन बसली. म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या आणि समुद्राच्या मध्ये चेहरा टाक, त्याशिवाय मी उठत नाही. गानिम नाही म्हणत होता. टाकणारा तो, टाकायला लावणारी ती. तिनं उचल म्हटलं की मी खाली येतो. माझ्या चेहऱ्याला आणखी कशाला उन्हात ठेवतोस?"

अतवा उतरून घरी आला. हमदा अंगणात पीठ मळत होती. यानं पत्र तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नव्हतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं, तरी धरलं.

"तू केलंस?" तो म्हणाला. "माझ्याशी बोलायचं सोडून भावाच्या दारात?"

"तुझ्याशी बोलले असते तर ऐकलं असतंस?"

"समुद्र सोड म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं!"

हमदानं पिठाचे हात झटकले. "मी कधी म्हटलं सोड? तीस वर्षांत एकदा तरी म्हटलंय? कैरोत मी सहा तास दाराबाहेर बसले होते, चुलत्याच्या पोरा. पांढरं दार. आत काय चाललंय कुणी सांगेना. तू समुद्रात जातोस तेव्हा निदान बुडबुडे तरी दिसतात. मी लग्नापासून रोज बघते तुझे बुडबुडे, तुला काय वाटलं, गानिमलाच वाचता येतात? आणि त्या दुपारी तू मला न सांगता गेलास. मी आत कांदा चिरत होते. तू मेला असतास आणि मी कांदा चिरत असते."

अतवा उगाच पाण्याचा माठ उचलायला गेला, मग आठवलं की जड उचलायचं नाही, मग तसाच उभा राहिला.

"जा तू," हमदा म्हणाली. "दिवसाउजेडी जा, सांगून जा, आणि मी काठावर असताना जा. एवढंच. हाजला सांग, उचल म्हणाली."

दोन दिवसांनी हाज सुवैलिम खाली आला. भरती नुकतीच सुरू झाली होती, पाणी गुळगुळीत, पलीकडचे सौदी डोंगर गुलाबी. सात-आठ जण तेच, जे चेहरा टाकताना हजर होते. हाज वाळूवर जिथं ओल सुरू होते तिथं थांबला, एक पाऊलही पुढं नाही, आणि म्हणाला, "मी सुवैलिम. माझा चेहरा इथं सात महिने होता. कुणी त्याला ओरखडा काढला नाही. मी तो उचलला." मग हलक्या आवाजात गानिमला म्हणाला, "पुढच्या वेळी डोंगरात कुठं टाकत जा बाबा."

गानिमनं अतवाच्या पाठीला टाकी लावली, जाकीट बांधलं, छातीवरचा पट्टा सैल ठेवला. कमरेला चार किलोचं शिसं, मोजून. मग आमच्या रीतीप्रमाणं दोघांनी एकमेकांचं सामान तपासायचं, तसं गानिम एकेका बकलाला बोट लावून बघायला लागला. एकदा, दोनदा.

"हे तुला मी शिकवलं," अतवा म्हणाला. "चल आता."

"तू शिकवलंस म्हणूनच तिसऱ्यांदा बघतोय."

हमदा जवळच्याच दगडावर बसली होती. अतवा वळून तिला म्हणाला, "जातो गं."

"जा."

पाणी डोक्यावरून गेलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते हेच, असं अतवानं स्वतःला बजावलं. दोन मीटर, चार, सहा. कान मोकळे झाले. गानिम बाजूला, डोळे याच्यावर लावून. खाली प्रवाळाची ती ओळखीची भिंत आली, नारिंगी माशांचा थवा तिच्यावर ठिणग्यांसारखा पसरलेला. आणि तेव्हाच अतवाला तो ठोका ऐकू आला. कानातच. धप, धप. हे माझं का टाकीच्या झडपेचं? त्यानं श्वास थांबवला, तरी आलं. म्हणजे माझंच. मग तो मोजायला लागला. वीसपर्यंत मोजून घड्याळाकडं बघितलं, पुन्हा वीस. लागतोय का मध्येच एखादा चुकीचा? तारा ओढतायत का? डाव्या हाताला मुंग्या आल्यात, का पाणी गार आहे? गानिमनं बोटानं काहीतरी दाखवलं, भिंतीच्या कपारीत, मोठं काहीतरी. अतवानं मान हलवली आणि पुन्हा मोजायला लागला. दहा मीटर. एक कासव, हो, कासवच, त्याच्या पायांखालून गेलं. त्याची सावली तेवढी अतवाला दिसली. दम लागलेला नव्हता. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, दमायच्या आधी. आधी म्हणजे कधी? हे कसं कळायचं? ज्या माणसाला कधी कळावं लागलं नव्हतं, त्याला आता प्रत्येक श्वासाला ते विचारावं लागत होतं.

अकराव्या मिनिटाला त्यानं अंगठा वर केला, म्हणजे आता वर जाऊ. स्वतःहून. गानिम क्षणभर बघतच राहिला, कारण अठ्ठावीस वर्षांत अतवानं कधी दुसऱ्याच्या आधी अंगठा वर केला नव्हता.

वरती काठावर हमदा उभी राहिली होती. तिला बुडबुडे सरळ वर येताना दिसले होते. दोघं गुडघाभर पाण्यात चालत आले. अतवाचा चेहरा पडलेला होता, पण रंग ठीक होता. त्यानं नळी काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कुणाकडंच न बघता बसकण मारली. गानिम टाकी सोडवायला लागला आणि कुणी न विचारता म्हणाला, "हवा अर्धीही संपली नाही. श्वास चांगला होता. मी बघत होतो."

"अकरा मिनिटं?" हाज सुवैलिम म्हणाला. तो ओल्या वाळूच्या कडेला आला होता, चपलांना पाणी लागू न देता. "सात महिने सगळ्यांचं डोकं खाल्लंस ते अकरा मिनिटांसाठी? काय झालं, दुखलं का कुठं? खरं सांग अतवा. चेहरा अजून गाडीत ठेवलेला नाही मी. पुन्हा टाकू का मध्ये?"

अतवानं कानातलं पाणी झटकलं, हमदाकडं बघितलं, आणि म्हणाला, "नको हाज, ने घरी. दुखलं काही नाही. सगळा वेळ माझ्याच छातीचं ऐकत बसलो, एक मासा धड बघितला नाही, खालून कासव गेलं तेही गेलंच. उद्या सकाळी परत जातो. हमदा, तुझं पीठ मळून कधी होतं तेवढं सांग, म्हणजे त्यानंतर जाऊ."